पहिले ग्रीक नाणे कोणते घ्यावे: अथेन्सचे घुबड, अलेक्झांडर की मिनांदर?

बार्देशची वाचक (म्हापसा)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या घरात पोर्तुगीज अमलातील रुपयांचा आणि तांगा नावाच्या नाण्यांचा एक लहान संग्रह आजेसासऱ्यांपासून चालत आलेला आहे, त्यामुळे जुनी नाणी हाताळण्याची थोडीफार सवय मला आहे. प्राचीन नाण्यांचा प्रांत मात्र माझ्यासाठी पूर्णपणे नवा आहे. सध्या मी ग्रीक इतिहास वाचते आहे. अथेन्सजवळच्या लाव्रिओनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला, इ. स. पू. ४८३ च्या सुमारास थेमिस्टोक्लीसने ती चांदी नागरिकांत वाटून न टाकता तिच्यातून युद्धनौका बांधण्यास अथेन्सच्या सभेला राजी केले आणि पुढे इ. स. पू. ४८० मध्ये त्याच नौकांनी सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमार मोडले, हे वाचल्यापासून एका बाजूस अथेना आणि दुसऱ्या बाजूस घुबड असलेले ते नाणे आपल्याजवळ असावे अशी तीव्र इच्छा झाली आहे.

वर्षाकाठी एखादेच चांगले नाणे घेता येईल इतकीच माझी ऐपत आहे, म्हणून पहिली निवड विचारपूर्वक करायची आहे. घुबडापासून सुरुवात करावी, अलेक्झांडरचे नाणे घ्यावे, की आणखी काही? खरे-खोटे कसे ओळखावे? आपल्याकडच्या पावसाळ्यात चांदी आणि तांबे कसे जपावे? आणि मला सर्वांत जास्त कुतूहल आहे ते याचे, की या नाण्यांचा आपल्या पश्चिम किनाऱ्याशी काही खराखुरा संबंध पोहोचतो का?

द्रम्म (फोंडा)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. पहिले नाणे मिनांदर या हिंद-ग्रीक राजाचे घ्या. अथेन्सचे घुबड देखणे आहे यात वाद नाही, सुमारे १७.२ ग्रॅम चांदीचे, चार ड्रॅक्मांचे (ड्रॅक्मा हे ग्रीकांचे चांदीचे मूळ नाणे) ते जाड नाणे तळहातावर घेतल्यावर त्याचे वजनच बोलते. पण ज्या वाचकाला नाण्याबरोबर इतिहासही हवा आहे, त्याला मिनांदरच्या अडीच ग्रॅमच्या आतल्या लहानशा ड्रॅक्मात जे मिळते ते घुबडात मिळत नाही.

अलेक्झांडरनंतर बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसरात, ग्रीक राजे स्वतंत्र झाले आणि त्यांच्या वारसांनी हिंदुकुश ओलांडून गांधार आणि पंजाबपर्यंत सत्ता पसरवली. तोपर्यंत त्यांची नाणी अथेन्सच्या वजनमानावर पाडली जात आणि त्यांवरील लेखही केवळ ग्रीक असे. हिंदुकुशच्या दक्षिणेस आल्यावर दोन्ही गोष्टी बदलल्या. वजन घटवून ते स्थानिक व्यवहाराला जुळवून घेतले गेले आणि मागील बाजूवर भारतीय लिपी आली. अगाथोक्लीस या राजाच्या काही नाण्यांवर ब्राह्मी आहे. अपोलोडोटस या राजाच्या चौकोनी चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस हत्ती आणि ग्रीक लेख, तर दुसऱ्या बाजूस वशिंडाचा बैल आणि खरोष्ठी, म्हणजे वायव्य भारतातल्या लिपीतला, लेख आहे. चौकोनी नाणे ही मुळात आपल्या आहत नाण्यांची, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर सुटी चिन्हे ठोकलेल्या नाण्यांची, तऱ्हा होती आणि ग्रीक टाकसाळीने ती आपलीशी केली. अगाथोक्लीसचीच सहा चौकोनी नाणी १९७० साली अफगाणिस्तानातील ऐ-खानुमच्या उत्खननात मिळाली. त्यांच्या एका बाजूस नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, तर दुसऱ्या बाजूस चक्र आणि शंख धारण केलेला वासुदेव आहे. बलराम-कृष्णाच्या अगदी जुन्या, निश्चित ओळखता येणाऱ्या मूर्तिचित्रांमध्ये त्यांची गणना होते, आणि ती एका ग्रीक राजाने घडवून घेतलेली आहेत. ती तुम्हा-आम्हाला विकत मिळणारी नव्हेत, पण मिनांदरचे नाणे त्याच परंपरेतले आहे.

मिनांदर म्हणजे पाली ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद. आपल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी ज्या पाली वाङ्मयासाठी आयुष्य वेचले, त्या वाङ्मयातला हा राजा तुमच्या नाण्यावर शिरस्त्राण घातलेला किंवा मस्तकी राजपट्ट बांधलेला दिसतो. पुढे ग्रीक लेख असतो, ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’ (त्राता राजा मिनांदरचे), आणि मागे वज्र फेकणाऱ्या अथेनेभोवती खरोष्ठीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. एकच मजकूर दोन लिपींत असल्यामुळेच या नाण्यांनी एक मोठे दार उघडले. काबूलजवळच्या बेग्रामच्या परिसरात चार्ल्स मॅसनने १८३० च्या दशकात अशी नाणी हजारोंनी जमवली, ग्रीक नावांसमोर खरोष्ठीची कोणती अक्षरे येतात हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्या आधारावर कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप खरोष्ठी वाचू लागला. ब्राह्मीच्या बाबतीतही १८३६ साली ख्रिश्चन लासेनने अगाथोक्लीसचे नाव नाण्यावरूनच लावले आणि पुढच्याच वर्षी प्रिन्सेपने ती लिपी उलगडली. अशोकाचे शिलालेख आज आपण वाचू शकतो, त्यामागे या लहान नाण्यांचा हातभार आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले आहे. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनांदर यांच्या जुन्या ड्रॅक्मा आपल्या काळीही चलनात आहेत, असे तो तेथे स्पष्ट नोंदवतो. राजा मरून पिढ्या उलटल्या, राज्यही मोडले, तरी त्याची चांदी पश्चिम किनाऱ्यावर हातोहात फिरत होती! साधारण त्याच सुमारास या किनाऱ्यावर सत्ता गाजवणाऱ्या क्षहरात घराण्यातील क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाने आपली चांदीची नाणी पाडली, ती त्याच लहान ड्रॅक्माच्या धर्तीवर. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपी आहेत. त्यांतील ग्रीक अक्षरांत लिहिलेला मजकूर ग्रीक भाषेतला नसून प्राकृतातला आहे, ‘राञो क्षहरातस नहपानस’ हाच.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा निघाला, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह पुन्हा ठोकलेले आढळले. अशा नाण्यात नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे सातवाहनांच्या ठशाखालून अर्धवट डोकावत राहतात. ज्याला लढाईचा निकाल धातूत पाहायचा असेल त्याने हे नाणे पाहावे. मिनांदर पहिला आणि नहपान दुसरा असा क्रम ठेवलात, तर काबूलच्या खोऱ्यापासून गोदावरीपर्यंतचा धागा दोनच नाण्यांत तुमच्या हाती येईल. मिनांदरची नाणी अमाप पाडली गेली, त्यामुळे प्राचीन चांदीत ती सर्वांत परवडणाऱ्यांपैकी आहेत. सामान्य घुबडाच्या किमतीत मिनांदरची कितीतरी चांगली नाणी येतात.

कसोटी (मडगाव)

निवडीबद्दल द्रम्म यांनी लिहिलेच आहे, मी खऱ्या-खोट्यापुरते लिहितो. आमचा पिढीजात सराफी व्यवसाय आहे, म्हणून एक विनंती आधी करतो: प्राचीन नाणे कसोटीच्या दगडावर कधीही घासू नये, आणि कोणा सराफाला घासूही देऊ नये. तुम्हाला चांदीचा कस ठरवायचा नाही, नाण्याचे वय ठरवायचे आहे, आणि कस त्याविषयी काहीच सांगत नाही.

प्राचीन ग्रीक नाणे ओतलेले नसते, ठोकून पाडलेले असते. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वर तापवलेली चांदीची चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. त्या घावाने धातू कडेकडे सरकतो आणि सरकल्याच्या बारीक रेषा अक्षरांभोवती व कडेजवळ भिंगातून दिसतात. कड असमान असते, कधी तडकलेलीही असते. बनावट ओतीव नाण्यात या रेषा नसतात. त्याऐवजी पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात, अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत असतात आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथली शिवण कानसीने घासलेली आढळते. कड नेहमी पूर्ण फिरवून पाहावी. छायाचित्रे मागवताना कडेचे छायाचित्र आवर्जून मागावे.

वजन आणि घनता ही दुसरी पायरी आहे. १७.१ ग्रॅमचे घुबड बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलले, तर चांगल्या चांदीत वजन सुमारे १.६ ग्रॅमने कमी भरते. आत तांबे असेल तर घट १.९ ग्रॅमच्या आसपास जाते. मात्र तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेले नाणे आधुनिकच असेल असे मानू नये. असे पत्रा चढवलेले खोटे नाणे प्राचीन काळीही सर्रास होत असे, आणि स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस तर खुद्द अथेन्सने चांदीअभावी तशी नाणी काढली. इ. स. पू. ३७५ मध्ये निकोफोनने मांडलेला अथेन्सचा कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. बाजारात सावकारांच्या मेजांपाशी बसून नाणी तपासण्यासाठी सरकारी गुलाम नेमला होता. खोटे नाणे त्याने तेथेच छाटून देवांच्या मातेला अर्पण करायचे आणि कामात चुकारपणा केला तर त्याला पन्नास फटके बसत. पुष्कळ घुबडांवर छिन्नीचा खोल घाव दिसतो, तो अशाच तपासणीचा असतो. इजिप्त आणि सीरियाच्या व्यापाऱ्यांनी आत तांबे आहे का हे पाहण्यासाठी तो घातलेला असतो. त्या घावामुळे किंमत उतरते, पण माझ्या मते नवख्या संग्राहकाने असे नाणे आनंदाने घ्यावे, कारण आतली चांदी उघडी दिसते आणि नाणे खरोखर कोणाच्या तरी व्यवहारात फिरल्याची खूणही मिळते.

तिसरी अडचण सर्वांत कठीण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर याने स्वतःच्या हाताने ठसे कोरून, चांगल्या चांदीत, ठोकूनच नाणी पाडली. ती जुनाट दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत भरून तो घोडागाडीतून फिरवत असे, असे सांगितले जाते. अशा नाण्यापुढे घनता, वजन, कड सगळेच निरुपयोगी ठरते. तेथे ठशाची तुलनाच करावी लागते. म्हणून नाणे घेण्यापूर्वी त्याच प्रकारची संग्रहालयातील पन्नासएक नाणी तरी छायाचित्रांत पाहून ठेवावीत. ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी यांचे संग्रह त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. डोळा तयार होण्याला दुसरा उपाय नाही.

पावसाळी (साखळी)

साठवणुकीबद्दल थोडक्यात लिहितो. आपल्याकडे ओलावा आणि खारी हवा हे दोन शत्रू आहेत. चांदीला फारसा धोका नाही. ती काळवंडते, आणि तो काळेपणा तसाच राहू द्यावा. तांबे आणि कांसे मात्र खाऱ्या दमट हवेत आतून पोखरले जाते. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसू लागली की ते नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करावे. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत, कारण त्यांतील पीव्हीसी कालांतराने विरघळून नाण्यावर हिरवट चिकट थर धरते. मायलर या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकची पाकिटे किंवा आम्लविरहित कागदाची पाकिटे घ्यावीत, ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते जेल वारंवार सुकवत राहावे. प्लायवूडच्या कपाटाचा मोह टाळावा. चिंच, लिंबू, रांगोळी, पितळ घासण्याची पावडर यांपैकी काहीही नाण्याला लावू नये. फारच माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवून ठेवावे, इतकेच.

वजनकाटा (पणजी)

द्रम्म यांचे म्हणणे मला मान्य आहे, तरीही अलेक्झांडरची बाजू मांडावीशी वाटते, आणि तीही एका गोमंतकीयाच्या आधारे.

गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते, आणि तक्षशिलेच्या आहत नाण्यांवर त्यांनी जे काम केले ते आजही प्रत्येक संग्राहकाने समजून घ्यावे असे आहे. नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून एकाच वजनमानाच्या नाण्यांत जे जास्त फिरले ते हलके असणार, हा साधा विचार त्यांनी संख्याशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला. नाण्याच्या मागील बाजूवर तपासणीच्या खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी होत जाते, हे त्यांनी असंख्य नाणी अचूक तोलून दाखवले. त्यामुळे लेख नसलेल्या, राजाचे नाव नसलेल्या नाण्यांनाही आधी-नंतरचा क्रम लावता आला.

तक्षशिलेच्या साठ्यांपैकी तेथील भीर टेकडीवर १९२४ साली सापडलेल्या साठ्यात हजाराहून अधिक आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप अऱ्हिडेयस याचे एक नाणे होते. फिलिपचा मृत्यू इ. स. पू. ३१७ चा. त्याचे नाणे टाकसाळीतून नुकतेच निघाल्यासारखे ताजे असल्यामुळे साठा पुरल्याचा काळ त्याच्या आसपासचा मानला गेला, आणि शेजारच्या मुक्या भारतीय नाण्यांनाही काळाचा एक खुंटा मिळाला. ग्रीक नाणे आपल्या इतिहासाला काय देते हे मला यातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

म्हणून मी म्हणेन की अलेक्झांडरची ड्रॅक्मा, सुमारे ४.२ ग्रॅमची, हेही पहिले नाणे म्हणून उत्तम आहे. पुढे सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लीस, मागे सिंहासनावर गरुड घेऊन बसलेला झ्यूस. सुसा आणि पर्सेपोलिसच्या इराणी खजिन्यांतील धातू नाण्यांच्या रूपाने जगभर पसरला तो याच छापाखाली. एक गोष्ट मात्र समजून घ्यावी: अलेक्झांडरचे नाव असलेले नाणे त्याच्या हयातीतले असेलच असे नाही. इ. स. पू. ३२३ मध्ये तो वारल्यावरही अनेक शहरांनी हा छाप चालू ठेवला, आणि काळ्या समुद्राच्या काठावरील मेसेम्ब्रिया, ओडेसोस ही शहरे इ. स. पू. पहिल्या शतकातही तो पाडत होती. झ्यूसच्या समोर आणि आसनाखाली असलेली बारीक चिन्हे पाहून टाकसाळ आणि काळ ठरतो. ती चिन्हे अभ्यासकांनी छापलेल्या नाणेसूचीशी ताडून पाहण्यात जी संध्याकाळ जाते, तिच्यासाठीच मी हा छंद करतो. ‘हयातीतले’ असे लिहून जादा किंमत मागणाऱ्या विक्रेत्याला सूचीतील क्रमांक विचारावा. जाणकार विक्रेता तो लगेच देतो.

आणि ज्या दिवशी नाणे घ्याल त्या दिवशी ते शतांश ग्रॅमपर्यंत तोलून वहीत लिहून ठेवा. एकट्या नाण्याचे वजन फारसे काही सांगत नाही, पण नोंदवलेले प्रत्येक वजन कोणाच्या तरी अभ्यासात भर घालते.

बार्देशची वाचक (म्हापसा)

सर्वांचे मनापासून आभार. मिनांदरची ड्रॅक्मा आधी घ्यायची असे ठरवले आहे आणि अलेक्झांडर पुढच्या वर्षासाठी राखून ठेवते आहे. घुबड घ्यावेसे वाटले तर घाव घातलेलेच घेईन. एक शंका उरते. परदेशातील एका विक्रेत्याने मला मिनांदरचे नाणे सुचवले आहे आणि सोबत ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढीच ओळ लिहिली आहे. ही ओळ पुरेशी आहे का? आणि नाणे भारतात आल्यावर कायद्याने माझ्यावर कोणती बंधने येतात?

द्रम्म (फोंडा)

ती ओळ पुरेशी नाही, ताई. कोणता संग्रह, कोणत्या वर्षीचा लिलाव, सूचीत कितवा क्रमांक, हे लेखी मागा. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून गेल्या काही दशकांत अमाप नाणी चोरवाटेने बाहेर गेली आहेत. मीर झका येथील विहिरीतला प्रचंड साठा तर कोणा अभ्यासकाने नीट नोंदवण्यापूर्वीच बाजारांत विखुरला. तुर्कस्तानातील एल्माली येथे १९८४ साली सुमारे १,९०० चांदीची नाणी बेकायदा खणून अमेरिकेत विकली गेली. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर त्यांतील बहुतांश नाणी १९९९ मध्ये तुर्कस्तानला परत करावी लागली. पैसे जातात हा त्यातला लहान तोटा. वजनकाटा यांनी तक्षशिलेच्या साठ्याचे जे उदाहरण दिले, ते तीन ग्रीक नाणी शेजारच्या नाण्यांसकट जागेवर नोंदवली गेली म्हणूनच शक्य झाले. तीच तीन नाणी चोराने सुटी विकली असती, तर ती केवळ तीन सुंदर चकत्या उरली असती. म्हणून विक्रेत्याने मागचा माग दिला नाही तर नाणे सोडून द्यावे. मिनांदरची नाणी दुर्मीळ नाहीत, दुसरे मिळेल.

कायद्याचे म्हणाल, तर शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याच्या व्याख्येत येते. ते बाळगण्यास हरकत नाही, पण खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. याचा अर्थ असा की बाहेरून आलेले नाणे आवडले नाही म्हणून परत पाठवणे सोपे नाही. तेव्हा सगळी तपासणी पैसे भरण्यापूर्वीच उरका. आयात करताना सीमाशुल्काच्या कागदपत्रांत वस्तूचे खरे वर्णन आणि खरी किंमत लिहायला विक्रेत्याला सांगा. किंमत कमी दाखवण्याचा सल्ला देणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. भारतातील परवानाधारक विक्रेत्याकडून रीतसर पावतीवर घेतलेत तर ही सगळी यातायात टळते, आणि मिनांदर व क्षत्रप यांची नाणी आपल्याकडच्या लिलावांत नियमित येतात. पावती आणि सूचीची प्रत नाण्याच्या पाकिटासोबतच ठेवा, म्हणजे पुढे ते ज्याच्या हाती जाईल त्यालाही त्याचा माग मिळेल.